वायरीचं दुसरं टोक

३ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

घरात फोन असताना वहिनीला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, म्हणशील. फोन ह्यांच्या खोलीत आहे आणि मीही दिवसभर तिथेच. हात गेले, पाय गेले, वाचा गेली, पण तुझ्या दादाचे कान असे तिखट राहिलेत की मी स्वयंपाकघरात डबा उघडला तर कुठला उघडला ते त्यांना कळतं. परवा तू विचारलंस, 'सगळं ठीक ना?' आणि मी म्हटलं, 'ठीक.' ते त्यांच्यासाठी होतं. ठीक काही नाही.

तू तुमच्या कारखान्यातून आणून बसवलेलं श्वासाचं मशीन मध्येच थांबतं. मी कपडे वाळत घालायला बाहेर गेले की खोलीतून शिट्टी ऐकू येते. धावत जाते तर पडद्यावर सगळीकडे शून्य, मग एकेक दिवा लागतो आणि मशीन जसं काही आत्ताच जन्माला आलं तसं पहिल्यापासून सुरू होतं. तेवढ्यात ह्यांचे तीन-चार श्वास बुडतात. त्यांना फार काही होत नाही, पण मग मी तासभर तिथून हलत नाही. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं, आता रोजचं झालंय. डॉक्टर म्हणाले, वीज कमीजास्त होत असेल. वायरमनला बोलावलं, तो म्हणाला, वीज एकदम चोख आहे, डॉक्टरांना विचारा. मी दोघांच्या मध्ये चेंडूसारखी फिरतेय.

तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. तुमचे साहेब मीटिंगमध्ये घोरले ते ऐकून ह्यांच्या डोळ्यांच्या कडा हलल्या. आमचं बोलणं आता डोळ्यांवर आलंय. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. उजव्या हाताचं एक बोट अजून थोडं हलतं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे एक बोट उरलंय, आणि तेही किती दिवस ते डॉक्टर बोलून दाखवत नाहीत.

ओट्यावर उभ्याउभ्याने लिहिलंय, अक्षर सांभाळून घे आणि लवकर काय ते कळव.

तुझी वहिनी


१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आईला दाखवलं नाही, पण तिने पाकीट पाहिलं आणि मग माझी सुटका कुठली. तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'सूनबाई थकलीय. थकलेल्या माणसाच्या हातून काय होईल सांगता येत नाही.' मी तिला गप्प केलं. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून तुझ्यापासून लपवत नाही.

हे मशीन माझ्या टेबलावर महिनाभर अखंड चाललेलं आहे. मी त्याला गरम केलं, गार केलं, हलवलं, वीज तोडून जोडून पाहिली. माझ्या समोर ते एकदाही असं मध्येच थांबलं नाही. टेस्टिंगला बसून मला इतकी वर्षं झाली, माझ्या हाताखालून खोट असलेलं मशीन गेलेलं नाही. तेव्हा वहिनी, राग मानू नकोस, पण नीट आठव. त्याच बोर्डावर इस्त्री लावतेस का? फरशी पुसताना प्लगला धक्का लागतो का? मशीनवर ओले कपडे टाकतेस का? मशीन खोटं बोलत नाही, माणसाला विसर पडतो.

आणि मागून जी राखाडी वायर लोंबते तिला हात लावू नकोस. विकायच्या मशीनला ती नसते. हा नमुन्याचा नग, म्हणून ठेवलीय. मी आले की लॅपटॉप जोडून दादाच्या श्वासाची गती तिथल्या तिथे बदलता येते, मशीन उघडावं लागत नाही. दादानेच शिकवलंय मला, उघडलेलं मशीन आणि दुखावलेला माणूस पूर्वीसारखा बसत नाही.

छोटी


२० फेब्रुवारी

प्रिय छोटी,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं नाही. 'छोटीचं काही आलं नाही' असं सांगितलं. लग्नानंतर ह्यांच्याशी मी इतकं उघड खोटं पहिल्यांदाच बोलले.

इस्त्री मी कधीच कपाटात टाकली. हल्ली आम्हा दोघांत इस्त्री लागणारं कोणी नाही. फरशी पुसताना प्लगपासून हातभर लांब राहते. ओले कपडे मशीनवर टाकायला मला वेड लागलेलं नाही. आता तुझ्या आईबद्दल. त्या म्हणतात ते खरंय, मी थकलेय. ह्यांना कुशीवर वळवायचं, नळी साफ करायची, पुसायचं, परत वळवायचं. पण थकलेली बाई आणि कंटाळलेली बाई ह्यात फरक असतो, तो त्यांना कळत नसेल तर निदान तुला कळायला हवा होता.

तू टेस्टिंग करतेस, तसं मीही केलं. चार दिवस स्टूल घेऊन मशीनसमोर बसून राहिले. मशीनने डोळाही मिचकावला नाही. पाचव्या दिवशी दूधवाला आला म्हणून उठले, दारापर्यंत पोचले नाही तोच शिट्टी. मी असले की चालतं, मी गेले की थांबतं. शेजारीण म्हणाली, तुमचं मशीन रुसतं. मी हसले, मग मोरीत जाऊन रडले. शिवाय हल्ली पहिल्यापेक्षा जरा जास्त वेळ बंद राहतं.

तुझी लाडकी राखाडी वायर कापलेली नाही. पायात अडकायची म्हणून पहिल्यापासूनच उचलून पलंगाच्या कडेला, ह्यांच्या हाताशी ठेवलीय. आता हाही माझाच गुन्हा असेल तर सांग.

वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

गुन्हा तुझा नाही, माझा आहे. आधी हात जोडून माफी मागते, मग कारण सांगते.

तुझ्या पत्रात शेवटी वायर दादाच्या हाताशी ठेवल्याचं वाचलं आणि जेवणाचा डबा तसाच ठेवून टेबलाशी गेले. मशीनच्या आत एक चिप असते, तीच सगळं चालवते. तिला एक रिसेटची तार असते. तिच्यावर विजेचा दाब आहे तोवर चिप आपलं काम करते. दाब गेला की हातातलं काम टाकून पहिल्यापासून सुरू करते. ह्या तारेला पक्का आधार द्यावा लागतो, एक साधा रेझिस्टर. चिपच्या आतही आधार असतो, पण तो अगदी दुबळा. दादाच्या मशीनच्या राखाडी वायरीतून तीच तार बाहेर आलीय, आणि तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही. अशा मोकळ्या टोकाला माणसाचं नुसतं बोट लागलं तरी चिपला वाटतं, रिसेट आला.

मग माझ्या टेबलावर का नाही थांबलं? कारण तिथे त्या टोकाला कायम माझं टेस्टिंगचं यंत्र जोडलेलं असायचं आणि तेच तारेला आधार देत होतं. मी तपासत होते म्हणून मशीन ठीक होतं. तुमच्याकडे बसवलं, माझं यंत्र काढून घेतलं आणि निघाले, त्या क्षणापासून ती तार निराधार. काढून घेतल्यावर एकदा तपासावं हे मला सुचलंच नाही. विकायच्या मशीनला आधार आतच असतो, खोट फक्त माझ्या भावाच्या मशीनमध्ये राहिली.

सोबत एक टोपण पाठवतेय. आत रेझिस्टर लावलाय. वायरीच्या टोकावर दाबून बसव, पुन्हा थांबणार नाही. ते बसेपर्यंत टोक कशालाही लागू देऊ नकोस. थोडा स्पर्श झाला तर मशीन परत सुरू होताना शिट्टी देतं. पण स्पर्श तसाच राहिला तर मशीन बंदच राहतं आणि शिट्टीही वाजत नाही, कारण शिट्टीही तीच चिप वाजवते. ह्या नगाला वेगळा भोंगा नाही.

हे पत्र दादाला सगळं वाचून दाखव. त्याने मला पहिली तार जोडायला शिकवली तेव्हा म्हणाला होता, 'छोटे, मोकळं टोक ठेवून घरी जायचं नाही.' त्याला हसू दे माझ्यावर.

छोटी


१४ मार्च

प्रिय छोटी,

माफीबिफी राहू दे. नणंदेने हात जोडले हे पाहायला मिळालं, माझा जन्म सार्थकी लागला.

तुझं पत्र सबंध वाचून दाखवलं. 'मोकळं टोक'पाशी ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हसण्याचं की कसलं ते कळलं नाही. टोपण बसवलं. मशीन एकदाही थांबलं नाही. तुझं मशीन बरं झालं आणि माझा माणूस बिघडला. पुस्तक वाचायला घेतलं की डोळे मिटून घ्यायचे. काही विचारलं तर एकदा नाही, दोनदा नाही, डोळे उघडायचेच नाहीत. आणि उघडले की त्या टोपणाकडे बघत राहायचे.

मी मठ्ठ, मला आठ दिवस लागले. वायर कुठे होती? ह्यांच्या हाताशी. मी खोलीतून गेले की मशीन का थांबायचं? मी जवळ बसले आणि विचारलं, 'तुम्ही करत होता?' डोळे एकदा मिटले. मी विचारलं, 'मला बोलवायला?' पुन्हा एकदा मिटले.

छोटी, मी त्या शिट्टीला काय काय शिव्या दिल्यात तुला सांगून सोय नाही. आणि हा माणूस मला हाक मारत होता. सगळं गेल्यावर एका बोटाने हाक मारायची युक्ती काढली, आणि आपण दोघींनी मिळून त्यावर टोपण घातलं. मी लगेच ते काढलं आणि टोक परत त्यांच्या बोटाशी ठेवलं. आता शिट्टी झाली की 'आले आले' करत जाते. काल पडदा सरकवायचा होता, सकाळी कानामागे खाज. कित्येक महिन्यांनी घरात कोणीतरी मला कामाला लावतंय. रागावू नकोस, मला फार बरं वाटतंय.

तुझी वहिनी


१९ मार्च

वहिनी,

पत्र मिळताच फोन केला. तू म्हणालीस, 'छान चाललंय.' दादा ऐकत होता म्हणून मलाही पुढे विचारता आलं नाही.

टोपण परत बसव. आधी बसव, मग पुढे वाच.

दादा हाक मारत होता हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, दोन मिनिटं. मग तुझं आधीचं पत्र काढलं. आधी तीन-चार श्वास, मग 'जरा जास्त वेळ'. हाक मारायला बोट टेकवलं आणि उचललं की काम होतं. जास्त वेळ बंद राहायला बोट धरून ठेवावं लागतं. त्याच्या बोटात किती जोर उरलाय तुला माहीत आहे. तो जोर कशासाठी लावत होता?

बोट उचलेपर्यंत शिट्टी वाजत नाही, हे त्याला नक्की कळलं ते माझ्या पत्रातून. वाचून दाखव असं मीच लिहिलं. इतकी शहाणी मी.

तू त्याला विचारलंस, 'मला बोलवायला?' तुला जे उत्तर हवं होतं त्याचाच प्रश्न विचारलास. मीही तेच केलं असतं. पण आता दुसरा प्रश्न विचार. मला तो कागदावर लिहवत नाही, तुला कळलाय.

मी त्याच्यासाठी वेगळी घंटा करतेय. नुसतं बोट टेकवलं की वाजेल, मशीनशी संबंध नाही, आणि ह्या वेळी एकही टोक मोकळं नाही. पंधरा दिवसांत घेऊन येते. तोवर टोपण काढू नकोस. तुझ्या पाया पडते.

छोटी


२५ एप्रिल

प्रिय छोटी,

तू आलीस, चार दिवस राहिलीस, पण घर माणसांनी भरलेलं होतं. घंटा तू पिशवीतून काढलीच नाहीस, ते मी पाहिलं. आई सगळ्यांसमोर विचारत होत्या, 'मशीन थांबलं तेव्हा तू कुठे होतीस?' मी म्हटलं, बाहेर कपडे वाळत घालत होते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान फिरवलीस. म्हणून लिहितेय. तुझ्याशी खोटं बोलून मला ह्या घरात राहता येणार नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी टोपण बसवलं. मग दुसरा प्रश्न विचारला. 'तुम्हाला जायचंय का?' डोळे एकदा मिटले. मी म्हटलं, 'मग हाक मारत होता ते खोटं?' दोनदा मिटले. मी खूप वेळ एकेक विचारत बसले. खोटं नव्हतं, छोटी. मी नसताना जायला बघायचे, भीती वाटायची, बोट सुटायचं, आणि मग मी धावत आले की बरं वाटायचं. दोन्ही खरं होतं. शेवटी मी विचारलं, 'मी जवळ असले तर भीती जाईल का?' त्यांनी डोळे मिटले आणि उघडेपर्यंत बराच वेळ लावला.

मी भांडले. माझ्याशी भांडायला समोरून कोणी नाही, तरी भांडले. म्हटलं, छोटी घंटा आणतेय, तेवढं थांबा. म्हटलं, माझं काय? टोपण तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून बोटाचं हलणं कमी झालं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, आता हेही जाईल, त्यानंतर नुसते डोळे, मग डोळेही. त्यांना सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर गेल्यावर हे माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. बाजारात पुढे गेलेला माणूस मागे वळून थांबतो, तसे.

मी टोपण काढलं.

लगेच काही झालं नाही. दोन दिवस मला कामाला लावलं, उशी वर घे, खिडकी उघड. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पलंगाशेजारी चादरींच्या घड्या घालत होते आणि खोली एकदम शांत झाली. मशीनचा आवाज इतका अंगवळणी पडला होता की आधी मला कळलंच नाही काय नाहीसं झालं. बोट टोकावर होतं. मी घडी टाकली आणि त्यांचा दुसरा हात धरला. तेवढ्यात बोट निसटलं. शिट्टी झाली, दिवे लागले, छाती वर आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोट चादरीवर वायर चाचपत होतं आणि वायर वीतभर लांब पडली होती.

छोटी, मी ती उचलली आणि त्यांच्या बोटाखाली ठेवली. पुन्हा निसटू नये म्हणून वरून माझा हात ठेवला. त्यांनी डोळे एकदा मिटले. मी हात काढला नाही. तू लिहिलं होतंस तसंच झालं, शिट्टी वाजली नाही.

नंतर मी उठले, टोपली घेतली आणि खरंच बाहेर जाऊन कपडे वाळत घातले. आत येऊन मग ओरडले.

आता तू त्यांची बहीण आहेस. काय करायचं ते तू ठरव.

वहिनी


१० मे

प्रिय वहिनी,

तुझं पत्र पोचलं. त्याबद्दल आपण दोघी परत कधी बोलायचं नाही, समोरासमोरही नाही. माझ्याकडून एवढंच, की तू होतीस म्हणून तो घाबरला नाही. माझ्याने ते झालं नसतं. मी घंटा घेऊन दारात उभी राहिले असते.

मशीन कारखान्यात परत आलं. साहेबांनी विचारलं, चालू मशीन बंद कसं पडलं. मी सांगितलं, रिसेटची वायर मी मोकळी सोडली होती, दादाचा हात लागला असणार, चूक माझी. हे इतकं खरं आहे की सांगताना जीभ अडखळली नाही. त्यांनी मला टेस्टिंगवरून काढलं. आता पॅकिंगला बसते, थर्माकोल कापते.

आईलाही तेच सांगितलं. ती तुझ्याबद्दल चारचौघांत नको ते बोलायला लागली होती, सून कंटाळली, सुनेने लक्ष दिलं नाही. मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, वहिनीचा काही दोष नाही, मशीन माझ्या हातचं होतं, माझ्या हातून राहिलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी वाढलेलं ताट तसंच सरकवते, शेजारणीकडून चहा मागून घेते.

काल तिने शेजारणीकरवी निरोप दिला, मला सुनेकडे पोचवा. रविवारी घेऊन येते. मी आत येणार नाही, रिक्षातूनच परत फिरेन, मी घरात आलेलं तिला चालायचं नाही. वहिनी, तिला ठेवून घे. तिला रात्री उशाशी पाणी लागतं आणि दिवसभर बोलायला माणूस लागतं. ती दादाबद्दल बोलेल, मग माझ्यावर येईल. म्हणेल, पोटच्या पोरीने मारलं माझ्या लेकाला. रोज म्हणेल.

तुझा जीव तुटेल, तोंडाशी शब्द येईल. तो गिळ. माझी बाजू घेऊ नकोस.

तुझी
छोटी